लेव्हरवाली ग्रीस गन स्वतः डिझाइन करायचीय? दट्ट्यापासून कपलरपर्यंत सगळं

भोसरी, चाकण, हडपसर, कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सचं कपाट उघडा, आत दोन-तीन ग्रीस गन (यंत्राच्या बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरायचं हाताचं अवजार) पडलेल्या दिसतील आणि त्यातली एखादीच नीट चालत असेल. बाकीच्यांची तक्रार एकच, "लेव्हर मारतोय पण ग्रीसच येत नाहीये." प्रेशर कमी पडतंय असं कोणी म्हणत नाही, बघा. आणि डिझाइन करायला बसलेला डिप्लोमाचा नाहीतर बीईचा पोरगा पहिल्यांदा काय धरून बसतो तर प्रेशर, म्हणजे ४०० बार की ७०० बार, आणि त्यावर चार पानं कॅल्क्युलेशन.

माझं मत सरळ आहे: हाताच्या गनमध्ये प्रेशर तयार करणं सोपं आहे, दट्ट्या बारीक करा आणि लेव्हर लांब करा, झालं. अवघड काय आहे तर लोण्यासारखं घट्ट ग्रीस प्रत्येक स्ट्रोकला त्या बारीक दट्ट्याच्या पुढ्यात हवेशिवाय आणून ठेवणं. म्हणजे खरं डिझाइन सक्शनच्या बाजूला आहे. खाली सगळ्या स्टेप्स क्रमाने देतो पण जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी एक जुनी गन फोडा

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, बंद पडलेली लेव्हर गन सहज मिळते, ती आणा आणि हेड हॅकसॉने उभं कापा. कॅटलॉगमधलं चित्र बघून जे कळत नाही ते कापलेल्या हेडमध्ये पाच मिनिटांत कळतं.

आत दिसेल ते असं. खाली मोठी नळी म्हणजे बॅरल, त्यात ग्रीस, ग्रीसच्या मागे रबराची वाटी म्हणजे फॉलोअर, त्याच्या मागे लांब स्प्रिंग आणि मधून जाणारा रॉड. वर हेड, त्यात एक बारीक गुळगुळीत बोअर, बोअरमध्ये दट्ट्या, आणि बॅरलमधून बोअरमध्ये उघडणारं एक भोक. बोअरच्या दुसऱ्या टोकाला छर्रा आणि छोटी स्प्रिंग, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, त्याच्यापुढे पाइप किंवा होज आणि शेवटी कपलर, म्हणजे यंत्रावरच्या निपलला (ग्रीस आत घ्यायच्या टोकाला) पकडणारं तोंड.

लेव्हर उघडली की दट्ट्या मागे येतो. छर्रा सीटवर बसलेला असल्यामुळे पुढून काही आत येऊ शकत नाही, मग बोअरमध्ये व्हॅक्यूम तयार होतं, आणि दट्ट्याचं तोंड त्या भोकाच्या मागे गेलं की बॅरलमधलं ग्रीस आत घुसतं. लेव्हर दाबली की दट्ट्या पुढे येऊन आधी भोक बंद करतो, मग अडकलेलं ग्रीस छर्र्याला ढकलून बाहेर. एवढंच आहे सगळं. आता यातला प्रत्येक भाग कुठे धोका देतो ते बघू.

स्टेप १: कशासाठी बनवतोय ते ठरवा

लेव्हर, पिस्टल ग्रिप आणि पुश असे तीन प्रकार चालतात. पिस्टल ग्रिप एका हाताने चालते, दुसरा हात कपलर धरायला मोकळा राहतो, पण मुठीच्या ताकदीला मर्यादा असल्याने स्ट्रोकला ग्रीस कमी येतं. पुश गन म्हणजे निपलवर टेकवून अख्खी गन दाबायची, ती छोट्या कामालाच. ट्रॅक्टर, जेसीबी, प्रेस, कन्व्हेयर असलं काही असेल तर लेव्हर, विषय संपला.

निपल कोणतं ते बघा. व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्कच्या नावाने ओळखलं जाणारं हे छोटं छर्र्याचं निपल १९२० च्या दशकात अमेरिकेत पसरलं आणि आज आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी त्याच जातीचं डीआयएन ७१४१२ (जर्मन मानक) चं निपल दिसतं, सरळ, ४५ अंश किंवा ९० अंश. मोठ्या जड यंत्रांवर चपट्या डोक्याचं बटन हेड निपल असतं, त्याला कपलर पूर्ण वेगळा.

आणि ग्रीस. बहुतेक वेळा एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर), ज्याचं वर्क्ड पेनिट्रेशन, म्हणजे ढवळलेल्या ग्रीसमध्ये ठराविक शंकू किती खोल जातो ते, २५ अंशांना २६५ ते २९५ असतं. नंबर ३ घेतलं तर २२० ते २५०, म्हणजे आणखी घट्ट. मे महिन्यात चाळीस अंशाला जी गन मस्त चालते तीच डिसेंबरात सकाळी सातच्या शिफ्टला, पारा दहा-बारावर असताना, रुसून बसते. म्हणून टेस्ट गार सकाळी करायची, दुपारी दोनला पत्र्याच्या शेडखाली नाही.

स्टेप २: दट्ट्याचा व्यास, स्ट्रोक आणि हाताचा जोर

टार्गेट ४०० बार धरू, म्हणजे ४० न्यूटन प्रति चौरस एमएम. चांगल्या लेव्हर गन जोर लावला तर ६९० बारपर्यंत जातात, ताकद चेक करताना तो आकडा घ्यायचा.

८ एमएमचा दट्ट्या, एरिया ५०.३ चौरस एमएम, ४०० बारला दट्ट्यावर लागणारा जोर साधारण २०१० न्यूटन म्हणजे २०५ किलो. लेव्हरचं गुणोत्तर १०:१ असेल तर हाताला साडेवीस किलो. हे दिवसभर नाही पण मधूनमधून माणूस सहज लावतो. १० एमएमचा दट्ट्या घेतला तर हाताला ३२ किलो, फार झाले. ६ एमएमचा घेतला तर फक्त साडेअकरा किलो, छान वाटतं ना, पण २० एमएमच्या स्ट्रोकला ग्रीस किती येतं बघा: ६ एमएमला ०.५७ सीसी, ८ एमएमला १ सीसी, १० एमएमला १.५७ सीसी. म्हणजे सहाचा घेतला तर माणूस जवळजवळ दुप्पट वेळा लेव्हर मारत बसणार. म्हणून बाजारातल्या गन आठ-नऊच्या आसपास घुटमळतात, आपणही आठच धरू.

१०:१ कसं मिळवायचं, तर फलक्रमपासून (लेव्हरच्या टेकूपासून) लिंकची पिन २२ एमएमवर आणि हाताची पकड २२० एमएमवर. एकूण स्ट्रोक २५ एमएम ठेवला, २० कामाचे आणि ५ भोक उघडायला, तर लेव्हर साधारण ७० अंश फिरते आणि हात पाव मीटर हलतो. ठीक आहे, ट्रॅक्टरखाली आडवं पडूनही जमतं. गुणोत्तर १५:१ केलं तर जोर कमी लागेल पण लेव्हर फिरवायला जागाच उरणार नाही. काही गनमध्ये फलक्रमची पिन दोन भोकांत बदलता येते, एक जास्त ग्रीससाठी, एक जास्त प्रेशरसाठी, कल्पना चांगली आहे, पण वापरणारा ती पिन कधी बदलत नाही हा भाग वेगळा.

स्टेप ३: हेड आणि बोअर

बॅरलला जाडी किती ठेवायची यावर लोक उगाच डोकं खातात. बॅरलमध्ये हाय प्रेशर नसतंच. लोडर पंपाने (डब्यातून गनमध्ये ग्रीस भरायचा पंप) भरताना समजा ५ बार आले, ५५ एमएमच्या नळीला १ एमएम जाडी असेल तरी हूप स्ट्रेस (नळीला घेराच्या दिशेने फाडू पाहणारा ताण) जेमतेम १४ न्यूटन प्रति चौरस एमएम. बॅरलची जाडी ठरते ती पडून पोचे येऊ नयेत आणि आटे टिकावेत म्हणून.

खरं प्रेशर फक्त हेडमध्ये आणि पुढच्या होजमध्ये. ८ एमएमचा बोअर, बाहेरून २० एमएमचं मटेरियल, आत ६९० बार: जाड भिंतीच्या नळीसाठीच्या लामेच्या सूत्राने आतल्या भिंतीवर साधारण ९५ न्यूटन प्रति चौरस एमएम येतात. स्टीलला हे काहीच नाही. एसजी आयर्नलाही चालतं. ॲल्युमिनियम डायकास्टिंग वजनाला हलकं आणि स्वस्त, पण त्यात पोरोसिटी असते, आणि बोअरच्या शेजारी एक छोटी पोकळी निघाली तर ग्रीस भिंतीतून घामासारखं बाहेर येतं. एकच नग बनवायचा असेल तर ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा ब्लॉक घ्या, लेथ आणि मिलिंगवर होऊन जातो. जड होईल, होऊ द्या.

बोअर आणि दट्ट्याची फिट हा गाभा आहे. पहिला विचार मनात येतो ओ-रिंगचा. करू नका. दट्ट्याच्या पुढच्या टोकाला ओ-रिंग लावली तर ती प्रत्येक स्ट्रोकला सक्शनच्या भोकावरून जाते आणि भोकाची कड तिला थोडी थोडी सोलते, आठवड्याभरात तुकडे निपलमधून बेअरिंगमध्ये. म्हणून तिथे धातूवर धातू, सील म्हणजे नुसती अचूक फिट. एच ७ बोअर आणि जी ६ दट्ट्या (मापात चालणाऱ्या फरकाचे प्रमाणित वर्ग) घेतला तर ८ एमएमला क्लिअरन्स ५ पासून २९ मायक्रॉनपर्यंत कुठेही येऊ शकतो, आणि हे अंतर फार मोठं आहे कारण फटीतून होणारी गळती क्लिअरन्सच्या घनाने वाढते. १२ मायक्रॉनचे २४ झाले की गळती दुप्पट नाही, आठपट. तर रीत अशी की आधी बोअर रीम करून होन करून घ्या, मोजा, आणि मग त्याच्या मापाला दट्ट्या ग्राइंड करून १० ते १५ मायक्रॉन ठेवा. टर्नर काका म्हणतील "एवढं कशाला, तेल तर आहे, चालतंय", त्यांना चहा पाजा आणि तरीही करून घ्या. दट्ट्या ईएन ३१ (बेअरिंगचं स्टील) चा, हार्डन करून. बोअरपेक्षा दट्ट्या कडक हवा.

मजेची गोष्ट म्हणजे फटीतून जे ग्रीस मागे गळतं ते बाहेर येत नाही, ते सक्शनच्या भोकात म्हणजे परत बॅरलमध्ये जातं. त्यामुळे दट्ट्याच्या मागच्या बाजूला जे सील असतं त्यावर फक्त बॅरलचं किरकोळ प्रेशर येतं, तिथे मात्र बिनधास्त ओ-रिंग लावा, फक्त ती कुठल्याही स्थितीत भोकापर्यंत पुढे सरकणार नाही एवढं बघा. गनच्या लेव्हरपाशी ग्रीस गळत असेल तर ही मागची ओ-रिंग गेली, आणि प्रेशर बनत नसेल तर दट्ट्या किंवा छर्रा, असं निदानही यातून होतं.

स्टेप ४: सक्शनचं भोक

इथून खरा खेळ सुरू. ग्रीसला आत ढकलणारं काय आहे? सगळे म्हणतात मागची स्प्रिंग. हिशोब करा. स्प्रिंगचा जोर ८० न्यूटन म्हणजे आठ किलो, ५५ एमएमच्या बॅरलचा एरिया २३७६ चौरस एमएम, प्रेशर आलं ०.३४ बार. आणि दट्ट्याने बोअरमध्ये केलेल्या व्हॅक्यूममुळे वातावरणाचा दाब फॉलोअरच्या मागून ढकलतो तो जवळजवळ १ बार. म्हणजे मोठा वाटा स्प्रिंगचा नाहीच, हवेच्या दाबाचा आहे. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: फॉलोअरच्या मागे बाहेरची हवा यायला वाट, म्हणजे मागच्या टोपीत छोटं भोक किंवा रॉडभोवती सैल जागा, आणि ग्रीसमध्ये हवा नको. मागची वाट चिखलाने बुजली की गन हळूहळू दमते आणि माणूस स्प्रिंग बदलत बसतो.

एकूण मिळून सव्वा-दीड बारपेक्षा कमी दाबावर, लेव्हर उघडून परत मिटेपर्यंतच्या अर्ध्या सेकंदात, १ सीसी घट्ट ग्रीस भोकातून आत यायचंय. म्हणून भोक जेवढं मोठं तेवढं चांगलं. पण गोल भोक मोठं केलं की स्ट्रोक वाया जातो, कारण दट्ट्याने पूर्ण भोक ओलांडेपर्यंत प्रेशर बनत नाही. यावर उत्तर म्हणजे आडवा स्लॉट. ७ एमएमचं गोल भोक ३८ चौरस एमएम देतं आणि स्ट्रोकचे ७ एमएम खातं, तर ५ बाय ८ चा स्लॉट, बोअरच्या रुंदीइतका, ४० चौरस एमएम देतो आणि ५ च एमएम खातो. एंड मिल कटरने बॅरलच्या बाजूने सहज निघतो. नंतर आतली कड बारीक पॉलिश पेपरने मोडायची, बर (कापल्यावर उरलेली धातूची धारदार कड) राहिली तर दट्ट्यावर पहिल्याच दिवशी ओरखडा.

बॅरलपासून स्लॉटपर्यंतची वाटही छोटी आणि रुंद ठेवा, शक्यतो नरसाळ्यासारखी. कापलेल्या जुन्या हेडमध्ये इथे एक लांबट बारीक ड्रिल मारलेलं दिसलं तर समजा ती गन हिवाळ्यात का चालत नव्हती.

स्टेप ५: छर्रा, सीट आणि उरलेली जागा

हा भाग दोनदा वाचा. दट्ट्या पूर्ण पुढे गेल्यावर त्याच्या तोंडापासून छर्र्याच्या सीटपर्यंत जी जागा उरते ती मेलेली जागा. ग्रीस असताना ती काही त्रास देत नाही. पण बोअरमध्ये हवा आली की ती दाबली जाते आणि परत फुगते, बाहेर काहीच जात नाही, आणि फुगल्यामुळे व्हॅक्यूमही नीट होत नाही.

आकडे बघा. स्वेप्ट व्हॉल्यूम (दट्ट्या एका स्ट्रोकला जेवढी जागा झाडून जातो ती) १ सीसी, मेलेली जागा ०.३ सीसी, तर पूर्ण हवा असताना जास्तीत जास्त दाब १.३ भागिले ०.३ म्हणजे ४.३ बार ॲब्सोल्यूट. दट्ट्याचं तोंड सीटपासून अर्धा एमएमवर थांबेल असं केलं आणि सीटचं भोक ४ एमएमचं, ३ एमएम लांब ठेवलं तर मेलेली जागा फक्त ०.०६ सीसीच्या आसपास, आणि तीच हवा जवळपास १७ बारपर्यंत दाबली जाते. होजमध्ये थंड घट्ट ग्रीस भरलेलं असेल तर ते नुसतं हलवायलाच काही बार लागतात, म्हणजे ४.३ बारवाली गन तिथेच अडकते आणि १७ वाली हवा थुंकून टाकून चालू होते. दोन्ही गनचं कमाल प्रेशर कागदावर सारखंच! फरक फक्त ड्रिल किती खोल मारलं याचा.

आता सीट. ६ एमएमचा बेअरिंगचा छर्रा घ्या, ४ एमएमच्या भोकाच्या कडेवर ठेवा, पितळी पंचने एक नेमका ठोका मारा, अरुंद चकचकीत वर्तुळ उमटतं तीच सीट. तो छर्रा फेकून नवा टाका. काही जण रुंद कोन काढून देतात, त्यावर कचऱ्याचा एक कण बसला की छर्रा उचललेलाच राहतो, अरुंद सीट कण चिरडून बसते. स्प्रिंग हलकी, २ न्यूटनच्या आसपास: १२.६ चौरस एमएमवर (४ एमएमच्या भोकाचा एरिया) ती १.६ बारला उघडते. बॅरलच्या स्प्रिंगचे ०.३४ बार तिला उघडू शकत नाहीत, म्हणजे उन्हात ठेवलेली गन आपोआप ग्रीस गाळत नाही, आणि हवेने भरलेल्या बोअरलाही ती उघडता येते. जाड स्प्रिंग टाकण्याचा मोह होतो, टाकू नका.

हवा काढायला ब्लीडर स्क्रू हवाच, आणि तो सक्शन स्लॉटच्या शेजारी, बॅरलच्या तोंडाशी, कारण काडतूस (ग्रीसची तयार भरलेली नळी) घातल्यावर हवेचा बुडबुडा तिथेच अडकतो. होजच्या बाजूला ब्लीडर देणारी डिझाइन्स बघितली आहेत, त्याचा उपयोग काय ते ज्याने काढलं त्यालाच ठाऊक.

स्टेप ६: लेव्हर आणि लिंक

लेव्हरची पिन कमानीत फिरते, दट्ट्या सरळ रेषेत जातो. दोघांना थेट जोडलं तर दट्ट्यावर आडवा जोर येतो आणि बोअर अंडाकृती होतो, मग ते १२ मायक्रॉन गेले उडत. मध्ये दोन्ही बाजूंना एकेक लिंक पट्टी द्या. तरीही लिंक ५ अंश तिरकी झाली तर २०१० न्यूटनला आडवे १७५ न्यूटन येतात, म्हणून लिंक लांब ठेवा आणि स्ट्रोकच्या शेवटी, जिथे जोर जास्त असतो, तिथे ती जवळपास सरळ येईल अशी मांडणी करा. ६ एमएमच्या पिना डबल शिअरमध्ये (दोन्ही बाजूंनी आधार देऊन) भरपूर पुरतात, तुटत नाहीत, झिजतात. हार्डन पिना वापरा.

स्टेप ७: बॅरल, फॉलोअर, रॉड

स्वतःचं माप शोधू नका. ४०० ग्रॅमचं काडतूस डीआयएन १२८४ प्रमाणे ५३.५ एमएम व्यासाचं आणि २३५ एमएम लांबीचं असतं, बॅरल त्याला बसेल असं करा.

आपल्याकडे मात्र काडतूस घेणारे कमी, बहुतेक जण डब्यातून किंवा बादलीतून भरतात. म्हणजे गन दोन्ही पद्धतीने भरता आली पाहिजे, आणि इथे फॉलोअर महत्त्वाचा. काडतूस असताना त्याची ओठासारखी कड काडतुसाच्या आतल्या भिंतीला घासली पाहिजे, डब्यातून ओढून भरताना बॅरलच्या भिंतीला, आणि तेव्हा ओठ उलट दिशेला सील करायला हवेत. म्हणून चांगला फॉलोअर नायट्राइल रबराचा, लवचिक, उलटा करता येणारा असतो. ओढून भरायला रॉडने फॉलोअरला पकडलं पाहिजे, एरवी मोकळं सोडलं पाहिजे, त्यासाठी रॉडच्या टोकाला खाच आणि पाव वळसा फिरवून अडकवायची सोय करतात. मागच्या टोपीत रॉड ओढून अडकवायची फट असते ती खोल हवी. ताणलेली स्प्रिंग उथळ फटीतून सुटली की रॉड बोटांवर येतो.

स्प्रिंग फार कडक करण्यात अर्थ नाही. ग्रीसवर सतत दाब राहिला की त्यातलं तेल सुटून खाली गळतं आणि आत साबणासारखा कोरडा गोळा उरतो. कपाटाखाली तेलाचं थारोळं दिसतं ते यामुळेच. गन महिनाभर वापरणार नसाल तर रॉड मागे ओढून अडकवून, आडवी ठेवा.

स्टेप ८: होज आणि कपलर

हे बनवायचं नाही, विकत घ्यायचं. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत किंवा नाना पेठेत ऑटो पार्ट्सवाल्यांकडे मिळतं. होज घेताना त्यावर छापलेलं वर्किंग प्रेशर वाचा, बर्स्ट प्रेशर नाही, आणि काही छापलंच नसेल तर दुकानदाराला परत द्या. आटे १/८ बीएसपी की एम १० बाय १ ते आधी ठरवून हेडला तसेच काढा, दोन्ही एकमेकांत दोन आटे जातात आणि मग अडकतात, तिथूनच गळती सुरू होते.

कपलरमध्ये तीन-चार जबडे निपलच्या मानेला पकडतात, आणि आतलं ग्रीसचं प्रेशर सील पुढे ढकलून जबडे आणखी आवळतं. म्हणून ग्रीस मारल्यावर कपलर सरळ ओढून निघत नाही, थोडा तिरका करून काढायचा असतो. जबडे झिजले की ग्रीस बेअरिंगऐवजी निपलच्या बाहेर फुलासारखं जमतं.

स्टेप ९: जोडणी आणि टेस्ट

रॉकेलने सगळं धुवा, बोअरमध्ये तेलाचा थेंब, दट्ट्या स्वतःच्या वजनाने हळू सरकला पाहिजे. ग्रीस भरताना थर नीट दाबून भरा, हवेचे खड्डे नको. हेड पूर्ण आवळू नका, दोन आटे ढिलं ठेवून रॉड सोडा आणि मागून दाबा, कडेने हवा आणि मग ग्रीस दिसलं की आवळा. नंतर कपलर मोकळा ठेवून हळू लेव्हर मारा, ब्लीडर उघडझाप करा. "फट्" असा आवाज येऊन ग्रीस तुटक आलं म्हणजे अजून हवा आहे.

प्रेशर टेस्टला आउटलेटवर १००० बारचा गेज लावा, गेजची पोकळी आधी ग्रीसने भरून घ्या, आणि मध्ये जाड पॉलीकार्बोनेटची शीट धरा. ४०० बारला थांबा. काटा हळू उतरत असेल तर छर्र्याची सीट गळतेय. काटा वर चढतच नसेल आणि लेव्हर मऊ लागत असेल तर हवा. लेव्हर कडक लागून दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर दट्ट्याची फिट गेली. तीन लक्षणं, तीन वेगळे इलाज, त्यामुळे सरसकट सगळं खोलत बसू नका.

आणि एक गोष्ट गांभीर्याने. होजला हात लावून गळती शोधायची नाही, कपलरचं तोंड बोटाने बंद करून प्रेशर बघायचं नाही. ग्रीसची सुईसारखी धार कातडीत घुसते, वरून टाचणी टोचल्याइतकीच खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत ग्रीस बोटभर पसरलेलं असतं. असं झालं तर हळद-मलम न लावता ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि हाय प्रेशरने ग्रीस आत गेलंय हे स्पष्ट सांगा, बहुतेक वेळा ऑपरेशन करून साफ करावं लागतं आणि उशीर झाला तर बोट जाऊ शकतं.

स्टेप १०: एका स्ट्रोकला किती ग्रॅम?

मेंटेनन्सवाल्याला "दोन शॉट मार" सांगतात, पण शॉट म्हणजे किती हे कोणालाच माहीत नसतं. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, कागदावर दहा पूर्ण स्ट्रोक मारा, वजनाला दहाने भागा. आपल्या डिझाइनला १ सीसी म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम यायला हवेत. ०.६ येत असतील तर सक्शन कमी पडतंय, परत स्टेप ४ ला जा. हीच टेस्ट एकदा फटाफट लेव्हर मारून आणि एकदा सावकाश मारून करा. फरक जास्त निघाला तर स्लॉट लहान आहे.

बेअरिंगला किती लागतं त्यासाठी चालणारं सूत्र: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, दोन्ही एमएममध्ये, उत्तर ग्रॅममध्ये. मोटरचं ६३०९ बेअरिंग, १०० बाय २५, उत्तर साडेबारा ग्रॅम म्हणजे आपल्या गनचे चौदा स्ट्रोक. ६२०५ असेल, ५२ बाय १५, तर ३.९ ग्रॅम, चार-साडेचार स्ट्रोक. बाहेर ओघळेपर्यंत मारत राहायची सवय बांधकामाच्या मशीनच्या पिनांना ठीक आहे, तिथे जुनी माती बाहेर पडते, पण मोटरच्या बेअरिंगला तेच केलं तर ग्रीस घुसळून तापतं आणि सील फाटून वाइंडिंगवर जातं. ड्रेन प्लग असेल तर उघडून मारा. खंडेनवमीला मशीन पुसून, हार घालून, सगळ्या निपलना भरभरून ग्रीस मारायचं आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत बघायचं नाही ही पद्धत तर आपल्याकडे जोरात आहे, बेअरिंगवाल्यांचा धंदा त्यावर चालतो.

गन तयार झाली की बॅरलवर पेंटने दोन गोष्टी लिहा: एका स्ट्रोकचे ग्रॅम आणि आतल्या ग्रीसचं नाव. लिथियम आणि पॉलीयुरिया एकमेकांत मिसळले तर बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातात, आणि ग्रीसच्या रंगावरून जात ओळखता येत नाही, निळं म्हणजे अमुक असं काही नसतं, कंपनी रंग हवा तो घालते. दोन प्रकारची ग्रीस लागत असतील तर दोन गन ठेवा, आणि दोन्हींचे होज अदलाबदल करू नका, कारण एका होजमध्ये आधीचं ग्रीस बऱ्याच स्ट्रोकचं उरलेलं असतं.